खांबावरची रेघ

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, की विमा कंपनीचा हा सर्व्हेअर हजर होतो. चार पावसाळे झाले, नाव मात्र मी कधी विचारलं नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्टार्ट तो नहीं की?" बुडालेल्या गाडीची चावी फिरवली की इंजिन जातं आणि क्लेमही. तरी 'जरा बघू' म्हणून चावी फिरवणारा महाभाग आमच्यात दरवर्षी निघतोच. त्याच्यावर तो चिडत नाही. पँट दुमडून अनवाणी चिखलात उतरतो आणि सीटखालचं कार्पेट हुंगून सांगतो, पाणी पावसाचं की गटाराचं.

गेल्या वर्षी जाताना त्याने खांबावरच्या पाण्याच्या डागावर वीत टेकवली आणि तिच्या टोकाशी मार्करने रेघ ओढली. "अगली बार यहाँ तक. बिजली का पैनल इससे ऊपर करवा लो जी." सेक्रेटरी हसले. पण माझ्या बायकोने मीटिंगमध्ये इतकं डोकं खाल्लं, की पॅनेल वर गेलं.

यंदा पाणी त्या रेघेच्या दोन बोटं खाली थांबलं. वीज गेली नाही. सहाव्या मजल्यावरच्या काकूंचं ऑक्सिजनचं मशीन चालू राहिलं.

तो आला तेव्हा देवळातली मूर्ती दाखवावी तशी मी त्याला त्याचीच रेघ दाखवली. "हाँ जी," म्हणत त्याने खिशातून मार्कर काढला आणि रेघेवर पुन्हा वीत टेकवली.

नवी रेघ माझ्या छातीशी आली. या वेळी सेक्रेटरी हसले नाहीत.