व्हायोलिनांच्या मागची हाक

आमच्या आबांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरलाय, एका रॉक बँडच्या गाण्यात, अकरा सेकंद. तो तिथं मीच नेऊन घातला आणि पुढं त्याची मातीही मीच केली. कुणी कीव करावी म्हणून हे सांगत नाही. कीव करायसारखं माझ्यात काही नाही.

हिंगोलीत कॉलेजला होतो तेव्हा त्या बँडचं मला याड लागलं होतं. पुढं गिटार-ड्रमचा धुडगूस, मागं पंधरावीस व्हायोलिनवाले. भजनात डीजे घुसावा तसं, पण ऐकताना अंगावर काटा यायचा. नव्या गाण्यासाठी त्यांना गावाकडचे जिवंत आवाज हवे होते. मी मेसेज टाकला की माझा बाप मेंढरं हाकतो, आणि त्याची हाक तुम्ही ऐकलेली नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या गाड्या आमच्या दारात.

उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाचं पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर आमची मेंढरं चरायची. व्हिडिओ तिथंच घेतला. काळे कपडे घातलेली ती व्हायोलिनवाली पोरं भर उन्हात उभी, तोंडं लालभडक. डायरेक्टर म्हणाला, "आजोबा, नुसती हाक मारा. मेंढ्या नंतर घेऊ."

आबा त्याच्याकडं बघतच राहिले. "मेंढरं न्हाईत तर हाक कुनाला मारू? तुला का?"

मग कळप लांब पाण्याच्या कडेला नेला आणि आबांनी हाक मारली. हुर्रऽऽ करत सुरू व्हायची, वर चढायची आणि शेवटाला जरा फाटायची. सगळी मेंढरं माना वर करून धुरळा उडवत निघाली ती थेट आबांच्या पायाशी. एका पोरीनं डोळे पुसले. धूळ गेली असंल, असं आबा म्हणाले.

गाणं तुफान चाललं. औंढ्याच्या बाजारात पोरं आबांना थांबवून सेल्फी काढायची. आबा व्हिडिओ बघायचे तो फक्त मेंढरांसाठी. "किती ब्येस दिसून राहिलीत. पण मधी ही किरकिर काहून घातली?" किरकिर म्हणजे व्हायोलिनं. मी मात्र छाती फुगवून फिरत होतो.

पुढच्याच वर्षी आबांच्या घशात गाठ निघाली. तंबाखू. नांदेडला ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली आणि गळ्याला भोक ठेवलं. जीव वाचला, पण हाक गेली. मी हाक मारून बघायचो. मेंढरं मान वर करायची, माझ्याकडं बघायची, परत चरायला लागायची. लहानपणी आबा शिकवायला बसले की मी पळून जायचो, शाळेतली पोरं चिडवायची म्हणून. माय म्हणायची, गाढवापुढं वाचली गीता.

घरात ते गाणं लावायचं मायनं बंद केलं. मला तालुक्याला कारकुनाची नोकरी लागली होती, मायचे गुडघे गेले होते. कळप विकायचं ठरलं. आबांनी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

आमच्यात एक रीत आहे. कळप विकताना धनी हाक मारत नाही. हाक असते ती घराकडं बोलवायसाठी. तिच्यावर इमान ठेवून मेंढरू येतं. विकायचं असलं की एकेक मेंढरू उचलून गाडीत टाकायचं आणि धन्यानं पाठ फिरवून बसायचं. आबा बाभळीखाली तसेच बसले होते.

उचलायला व्यापाऱ्याची दोन माणसं आणि मी. मेंढरं हातात सापडेनात, म्होरकी मेंढी तर वारंवार निसटायची. ऊन चढलं. व्यापारी कटकट करायला लागला, "जल्दी करो भाई, और भी गाँव करने हैं." मला बाराच्या आत ऑफिस गाठायचं होतं. माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, रीत तोंडानं मारलेल्या हाकेची आहे. हे तर गाणं आहे. व्यापाऱ्याच्या टेम्पोला चढायसाठी लावलेल्या फळीपाशी उभा राहिलो, फोनचा आवाज पुरा वाढवला आणि ते अकरा सेकंद लावले.

मेंढरं आली. व्हायोलिनांच्या मागून त्यांनी बराबर ती हाक उचलली आणि धावत आली. म्होरकी आपल्या पायानं फळी चढली, मागोमाग सगळी. वर जाऊन ती माझ्या हातातल्या फोनकडं माना करून उभी राहिली, आबा कुठं आहेत ते शोधत. व्यापारी हसला, "पढ़ी-लिखी हैं तेरी भेड़ें."

स्वतःचा आवाज ऐकून आबा वळले होते. त्यांनी गळ्याच्या भोकावर बोट दाबलं, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. बोटाच्या कडेनं नुसती हवा सुटली. मी गाणं बंद केलं, पण तोवर फळी वर उचलून टेम्पो बंद केला होता.

माय एवढंच म्हणाली, "त्यायच्याच आवाजानं नेलं रे मेंढरायला." मला माझी किळस आली होती, अजून येते.

ऑफिसला निघताना रोजच्यासारखा पाया पडायला वाकलो. आबांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.