हळदीच्या मांडवात भरलेली बॅच

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली वर्षाली लग्न होऊन शहाडला गेली, तेव्हा तिची बी.एस्सी.ची दोन वर्षं झालेली आणि तिसरं राहिलेलं. विषय केमिस्ट्री. "जरा घडी बसू दे, मग बघू," असं सगळेच म्हणाले. मग सान्वी झाली, आणि घडी बसता बसता पाच वर्षं निघून गेली.

सान्वी बालवाडीत जायला लागली तशी वर्षालीने पुन्हा कॉलेजांच्या चकरा सुरू केल्या. जुनं कॉलेज ठाण्यात, तेही भल्या सकाळी भरणारं. पोरीला शाळेत सोडून तिथे पोचणं शक्यच नव्हतं. कल्याणच्या एका कॉलेजात तिला सांगितलं, "तुमचा अभ्यासक्रम वेगळा, आमचा वेगळा. आमच्याकडे यायचं तर पहिल्या वर्षापासून या." दुसरीकडच्या माणसाने तर मानही वर केली नाही. "पाच वर्षांची गॅप? मॅडम, आता कशाला?" वर्षाली खाली आली आणि रागारागाने उसाच्या रसाचे दोन ग्लास एका दमात प्यायली. घरी येऊन सासूबाईंना, शीलाबाईंना म्हणाली, "पास झालेली दोन वर्षं म्हणजे काय शिळा भात आहे का, फेकून द्यायला?"

शीलाबाई हसल्या, पण त्यांनाही वाईट वाटलं.

बातमी आणली ती नवऱ्याने. संदेश एसी दुरुस्तीची कामं करतो. एका कॉलेजात शिडीवर चढलेला असतानाच त्याने फोन लावला. "अगं, इथे बोर्ड लागलाय बघ. कॉलेज अर्ध्यावर सुटलेल्यांना पुढच्या वर्षात घेणार म्हणे. लगेच ये, मी खाली उतरत नाही तोपर्यंत!"

वर्षाली रिक्षाने पोचली. तिथे सुमेधा मॅडम भेटल्या. डोंबिवलीच्या, केमिस्ट्रीच्याच. दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या मुलांची वाट सोपी करायला कॉलेजला खास निधी मिळाला होता, आणि ते काम मॅडमकडे होतं. त्यांनी वर्षालीच्या जुन्या मार्कशीट नीट वाचल्या.

"तुमची दोन वर्षं पूर्ण धरली जातील," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचे दोन विषय तेवढे तुमच्याकडे नव्हते. ते सुट्टीत शिकवू. दुपारी वर्ग, दुपारीच लॅब. जास्तीचे शिक्षक त्या निधीतून घेतोय, आणि लहान मुलांना सांभाळायला एक खोलीसुद्धा."

वर्षालीला तिथेच रडू फुटलं. मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "थांबा, आनंद करायच्या आधी ऐका. सगळ्या विषयांचे मिळून निदान वीस जण झाले तरच बॅच सुरू करता येते. नाही तर निधी परत जाणार. तुम्हाला धरून सध्या सात आहेत."

"बाकीचे कुठे गेले?"

"तेच तर कळत नाही. पेपरात दिलं, बोर्ड लावले. अर्धवट सोडलेली मुलं कॉलेजच्या बाजूला फिरकतच नाहीत हो. लाजतात."

हे मात्र वर्षालीला पटलं. तीही पाच वर्षं कॉलेजच्या रस्त्याने जायचं टाळायची.

त्याच आठवड्यात तिच्या मावसभावाची, प्रणितची हळद होती. कोळीवाड्यातली हळद म्हणजे आख्खं गाव मांडवात. बेंजो वाजत होता, बायका एकाच रंगाच्या साड्यांत नाचत होत्या, आणि प्रणित पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता. गाणं संपलं आणि वर्षालीने वाजंत्र्यांकडून माइक मागून घेतला. सगळ्यांना वाटलं, ही आता गाणार.

"ऐका रे! ज्याचं ज्याचं कॉलेज अर्ध्यावर सुटलंय त्यांनी मला भेटा. झालेली वर्षं वाया जात नाहीत. मी पण पुन्हा जातेय."

कोणीतरी शिट्टी मारली आणि हशा पिकला. तिची आई चंद्रभागा, जी कळव्याच्या बाजारात मासळी विकते, ती डोक्याला हात लावून म्हणाली, "अगो बाय, ही हळद हाय का शाळा?"

वर्षालीचे कान तापले. माइक ठेवून ती मागच्या बाजूला पाणी प्यायला गेली. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "ताई, माझं एस.वाय. झालंय. टी.वाय.ला गेलोच नाय मी." बघते तर खुद्द नवरदेव! नाकावरून हळद ओघळत होती.

"तू? तू तर सगळ्यांना ग्रॅज्युएट सांगतोस!"

"हळू बोल ना. होणाऱ्या बायकोला खरं सांगितलंय, बाकी कोणाला नाय."

वर्षाली हसत सुटली, आणि तिला बघून प्रणितही. मग वाजंत्र्यांतला एक जण आला. मग नौपाड्यात दवाखान्यात काम करणारी हेमा आली, आणि तिने आपल्या दोन मैत्रिणींना फोन लावला. नवरीकडूनही एक जण निघाला. दिवस उलटले तसे कुणाचा मेहुणा, कुणाची जाऊ असे येत गेले. बॅच भरली तेव्हा सुमेधा मॅडमनी विचारलं, "एवढे सगळे एकदम कुठून आले?"

"हळदीतून," वर्षाली म्हणाली. मॅडमना वाटलं, हे एखाद्या गावाचं नाव असेल.

वर्ग सुरू झाले, पण सगळं सोपं नव्हतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला वर्षालीच्या हातून ब्युरेट, ती मोजमापाची काचेची नळी, निसटून फुटली. घरी येऊन म्हणाली, "सोडते मी. सगळं विसरलेय." शीलाबाई भाजी चिरत होत्या. "लग्न झालं तेव्हा तुला भाकरी तरी कुठे येत होती?" त्या म्हणाल्या. "उद्या जा. सान्वीचं मी बघते."

ती गेली. त्या वर्षी जवळपास सगळेच तिसऱ्या वर्षात पोचले, आणि पुढच्या उन्हाळ्यात वर्षाली फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. प्रणित काठावर का होईना, पण सुटला. वर्षाली आता अंबरनाथला पाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे.

निकालानंतर चंद्रभागा लेकीला घेऊन मॅडमकडे गेली. टोपलीतले सगळ्यात मोठे सरंगे मासे तिने मॅडमच्या हातात ठेवले. "घ्या बाय, ताजा हाय." सुमेधा मॅडमच्या घरात अंडंही येत नाही, आणि वर्षालीला ते ठाऊक होतं. ती डोळ्यांनी आईला खुणा करत राहिली. पण मॅडमनी सरंगे दोन्ही हातांनी घेतले आणि गंभीरपणे विचारलं, "मावशी, हे शिजवायला मी कोणाला बोलवू?"

"मीच येते की!" चंद्रभागा म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिने येत्या रविवारी सगळ्या बॅचलाच जेवायला बोलावलं. चेंदणीला, स्वतःच्या घरी. मॅडमसाठी वालाचं बिरडं वेगळं.