देवापुढचा पहिला पीस

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि देवाला तर नाहीच – त्याचंच उचललं होतं, त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं बोलणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. फक्त मला समजून घेऊ नका. समजून घेणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. त्यांच्या जिवावरच माझ्यासारख्यांचं फावतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठचा प्लॅस्टिक मोल्डिंगचा गाळा होता. मी तिथं फिटर. निघालेले पीस घासायचे, भोकं पाडायची, रंग मारायचा. मशीन चालवायचा काशिनाथ, किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा कोळी. दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. म्हणजे त्याच्या. माझ्या डब्यातली भाजी तो नावापुरती चाखायचा आणि स्वतःचं कालवण माझ्याकडे सरकवायचा.

आमच्या गाळ्यात एक पद्धत होती. साचा बदलला की मशीनच्या पोटात आधीचा माल थोडाफार उरलेला असतो, आणि पहिले पीस भेसळीचे निघतात. दिसायला ठीक, पण आतून पापुद्रे. त्यातला पहिला पुरता भरलेला पीस काशिनाथ कुंकू लावून गणपतीच्या फोटोपुढे ठेवायचा. तो विकायचा नाही, वापरायचा नाही; पुढच्या साच्याचा पीस आला की जुन्याची जागा तो घ्यायचा. बाकीचे भेसळीचे भंगारात. श्रद्धा म्हणा, शिस्त म्हणा – त्याच्याकडे दोन्ही एकच होतं.

तर एकदा एक निवृत्त कप्तानसाहेब आले. त्यांचं चार माणसांचं जुनं विमान मुंबईत हँगरमध्ये असायचं. आतल्या छताला हवेच्या गोल झडपा होत्या, बोटानं फिरवाल तिकडे वारा देणाऱ्या. त्यांच्या कडा वाळून तडकलेल्या, गोळे सैल झालेले, एकीवर तर चिकटपट्टी मारलेली. नव्या कुठं मिळेनात. विमानाचं काम म्हटल्यावर शेठ जमिनीपासून वीतभर वरून चालायला लागला. जुन्या झडपेवरून साचा बनवला, काशिनाथनं चार झडपा काढून दिल्या, पहिला पीस देवापुढे ठेवला, आणि नारळी पुनवेसाठी सुट्टी घेऊन तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी चौथ्या झडपेला भोक पाडताना मी ड्रिल जोरात दाबलं. कड उभी चिरली.

बस, एवढंच. चिरली तर चिरली! शेठला सांगायचं होतं, साचा परत चढवायचा होता, कप्तानसाहेबांना दोन दिवस थांबवायचं होतं. कुणी मला फासावर देणार होतं का? पण मला सुपरवायझर करायचं शेठच्या मनात होतं, आणि मला ते पद हवं होतं. मी फोटोपुढचा पीस उचलला. नळाखाली कुंकू धुतलं. घासला, भोकं पाडली, वर रंग मारला. चिरलेला खिशात घातला आणि घरी जाताना नाल्यात फेकला.

मग मी स्वतः मुंबईला जाऊन झडपा बसवल्या. हो, मीच. जुने स्क्रू काढले, खाली चिकटलेला वाळका रबर खरवडला, जाड लोकरी नमद्याच्या नव्या पट्ट्या लावल्या, आणि तो भेसळीचा पीस पुढच्या डाव्या सीटच्या वर बसवला तर कप्तानसाहेबांच्याच डोक्यावर येईल, म्हणून उजवीकडे बसवला. विचार करून बसवला! त्यांनी माझी पाठ थोपटली. मी हसलो.

पावसाळा सरल्यावर ती झडप हवेत असताना तुटली. गोळा आणि कडेचा तुकडा शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या तोंडावर आला. भुवई फाटली. डोळा वाचला – त्यात माझं काय पुण्य?

कप्तानसाहेब तो तुकडा घेऊन गाळ्यात आले. तुटल्या कडेला पापुद्रे सुटलेले. शेठनं काशिनाथला सगळ्यांसमोर उभं केलं. तो शांत होता, कारण त्याला स्वतःची खात्री होती. फोटोकडे बघून तो मला म्हणाला, "पयला पीस मी देवाफुडं ठेवला व्हता. तू बघितला हाय ना? सांग यांना."

आणि मी म्हणालो, "नाही रे. या वेळी तू ठेवलाच नाहीस. गडबडीत होतास."

गप्प बसलो असतो तर मी नुसता भेकड ठरलो असतो. पण मी खोटं बोललो, आणि तेही मायेनं, मित्राला आठवण करून द्यावी तसं. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानं माझ्याशी भांडायला हवं होतं. गळा धरायला हवा होता! तो माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाला, "आसल. तू कशाला खोटा बोलशील?" आणि कप्तानसाहेबांसमोर हात जोडून त्यानं माफी मागितली. माझ्या गुन्ह्याची. शेठनं त्याला मशीनवरून काढून गोण्या उचलायला लावलं. थोड्याच दिवसांत तो यायचा बंद झाला. मी सुपरवायझर झालो.

वाटलं, सुटलो. सुटलो कसला? पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. मुरब्याला त्याच्या ओट्यावर पंगत बसली होती. तो भावाच्या बोटीवर जात होता, पण दोर बांधायचं काम कधी करत नव्हता. भाऊ हसत सांगत होता, याला साधी गाठ मारायला सांगा, दुसऱ्याला बोलावून तपासून घेतो. सगळे हसले. काशिनाथही हसला. मग माझ्या पानापाशी वाकून हळूच म्हणाला, "तू तवा खरा बोललास ते बरा केलास. माझा हात भरवशाचा नाय, ह्या मला म्हाईतच नव्हता."

तिथं, तेव्हा, एक शब्द पुरला असता. त्याचे हात त्याला परत मिळाले असते. आता तो नाही.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

त्यानं बायकोला हाक मारून मला माशाची आणखी एक तुकडी वाढायला सांगितली. मी ती खाल्ली.