लेहचा ठाणेदार

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि देऊळघाटला परतलो. पहिलं वर्षभर वांग्याच्या वावरात दहा मिनिटंही एका जागी टिकत नव्हतो. पाणी सोडायचं, धुऱ्याच्या बांधावर चढून रस्त्याकडे पाहायचं, पुन्हा खाली उतरायचं. उगाच मोटारसायकल काढून मलकापूर स्टेशन गाठायचो, दोन गाड्या जाताना बघायचो आणि परत यायचो.

एका सकाळी वांगी तोडताना बायकोला एका जुन्या सरदाराची गोष्ट सांगितली. लेहला आमची तुकडी होती तेव्हा जम्मूकडच्या एका साहेबांनी मला तिथला मातीचा किल्ला दाखवून ती सांगितली होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जम्मूच्या फौजेबरोबर हा सरदार खिंडी ओलांडून लडाखात आला, तिथून सेनापतीमागे तिबेटात गेला. ऐन हिवाळ्यात लढाई झाली. शिपायांची बोटं थंडीनं झडली, शेकायला त्यांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. सेनापती पडला. हा मूठभर माणसांनिशी डोंगर ओलांडून निसटला. काही वर्षांनी त्यालाच लडाखचा ठाणेदार नेमलं. ठाणेदार म्हणजे तिथला राज्यपालच. मग कितीतरी वर्षं तो तिथंच राहिला.

बायकोचा हात थांबला. "मरता मरता वाचला, अन् पुन्हा तिथंच गेला? काऊन?"

"राजानं धाडलं असेल."

"धाडलं त वरीस-दोन वरीस राह्यला असता. त्याले घरी करमत नसंल, तुमच्यावानी."

मला राग आला. ती शांतपणे म्हणाली, "सोळा वर्स वाट पाह्यली मी. आता आले, त रस्त्याकडंच पाहून राह्यले. मले दाखवा तरी, काय आहे तिथं."

सप्टेंबरात आम्ही गेलो. पहिले दोन दिवस तिला धाप लागत होती, खोलीतच पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर नेलं. भिंतीला हात लावून तिनं विचारलं, "त्याची बायको इथं होती का हो?"

मला माहीत नव्हतं. ही गोष्ट मी कितीजणांना सांगितली असेल, पण हा प्रश्न कधी डोक्यातच आला नव्हता. तिथूनच साहेबांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले, "भाई, ये तो मुझे भी किसी ने नहीं बताया."

ती बराच वेळ समोरच्या उघड्याबोडक्या डोंगरांकडे बघत बसली. "अजून दोन दिस राहू," म्हणाली. राहिलो. पण मला आता वावर दिसायला लागलं. वांग्यांना पाणी मिळालं असेल का, मोटार चालू असेल का? दर तासाला शेजाऱ्याला फोन.

शेवटी तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. म्हणाली, "तुमी कुठीच राहत नाही. बसा इथं."

मी तिच्याशेजारी बसलो. पाय मात्र हलतच होते.