जुनी गाडी, पापडीचं गॅरेज आणि माझं वैर

पापडीच्या रस्त्याला एक गॅरेज आहे. त्या गॅरेजवाल्याचं वाईट व्हावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता थोडं कमी वाटतं, पण गेलेलं नाही. का, ते सांगतो.

माझी वाडी सांडोरला. केळी, अळू, मुळा, वालाच्या शेंगा आणि केळीची पानं. पूर्वी माल दुसऱ्याच्या टेंपोतून बाजारात जायचा. टेंपोवाला हॉर्न मारायचा आणि मी भारे घेऊन रस्त्याला पोचायच्या आत निघून जायचा. थांबलाच तर माझे भारे खाली, त्यावर दुसऱ्यांची पोती, पानं चिरडलेली. साठी उलटल्यावर एकदा मी त्याच्या मागे धावलो आणि पडलो. आतली माणसं हसली. त्याच आठवड्यात मी गाडी घ्यायचं ठरवलं.

मनवेलपाड्याच्या एका नोकरदार माणसाकडून घेतली. डिझेलची, तेव्हाच सात वर्षं जुनी. मुलगा तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतो. बाहेरून जीपसारखी उंच, आतून बेताची. मागची सीट पाडली की पानांचे वीस भारे बसतात. पहिल्या दिवशी मी टेंपोच्या पुढे जाऊन बाजारात पोचलो आणि टेंपोवाला येईपर्यंत चहा घेऊन झाला होता माझा. त्या दिवसापासून मी कुणाला "जरा थांब" म्हटलेलं नाही.

पण जुनी गाडी म्हणजे खाणारं जनावर. पहिलं वर्ष बरं गेलं. मग खड्ड्यात पुढून खडखड यायला लागली. लोअर आर्म आणि बुश गेले म्हणाला गॅरेजवाला. साडेपाच हजार. ठीक, रस्ते आपले असेच आहेत. पुढच्या वर्षी क्लच. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी, मिळून चौदा हजार. मग स्टार्टर. मग एसीचा पाइप, तो मी केलाच नाही, काचा उघड्या ठेवल्या. मग गाडी तापायला लागली. वॉटर पंप बदलला, साडेचार हजार. तरी तापायची.

प्रत्येक वेळी तो बॉनेटवर हात आपटून म्हणायचा, "काका, म्हातारी झाली आता. किती दिवस सलाइन लावणार?"

गाडीला म्हणायचा, पण बघायचा माझ्याकडे.

मुलगा मुंबईला ऑफिसात आहे. पैसे त्याचे जायचे, बोलायचा हक्क त्याला होता. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, आता पुढचं मोठं बिल आलं की गाडी विकायची. माल टेंपोने पाठवा."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही घरी बसा. वय झालं."

मी ताट तसंच ठेवून उठलो. मुलाचा मला राग आला नाही. ज्याने बिलं लिहिली त्याचा आला.

आता माझं शिक्षण तिसरीपर्यंत. बिल वाचता येतं, पण बिलात लिहिलेलं गाडीत बसवलंय की नाही ते कसं कळणार? मग मला घडांची खूण आठवली. टेंपोत दहा जणांचे केळीचे घड एकत्र जातात, तेव्हा जो तो आपल्या घडाच्या दांड्यावर कोयत्याने खूण करतो. बाजारात भांडण नको म्हणून. माझी खूण वडिलांपासून एकच, दोन सरळ काप आणि एक तिरका. मी कानस घेतली, बॉनेट उघडलं आणि हात पोचेल त्या प्रत्येक पार्टवर, आडबाजूला दिसणार नाही अशी, ती खूण घासली. दोन सरळ, एक तिरका. अख्खी दुपार गेली.

बायको ओट्यावरून म्हणाली, "अहो, चोर घरात शिरल्यासारखं काय खरवडताय?"

"चोर धरायला खरवडतोय."

मग गाडी गॅरेजला दिली. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "काका, रेडिएटरच गेला होता. नवीन टाकला. साडेसात हजार." मी पैसे दिले. घरी येऊन बॉनेट उघडलं आणि खाली वाकून बघितलं. दोन सरळ, एक तिरका. चकाचक धुतलेला, पण माझाच.

मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. मी चार दिवस कुणाला काही बोललो नाही. शनिवारी सकाळी त्याच्याकडे गर्दी असते ते मला माहीत होतं. गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं बाकावर बसलेली, सगळी आसपासच्या गावांतली, तोंडओळखीची.

"या रे सगळे," मी म्हटलं. बॉनेट उघडलं. "हा नवीन रेडिएटर बघा. दुकानातून माझी खूण घेऊनच आलाय."

माणसं वाकली. एकाने बोट फिरवून बघितलं. गॅरेजवाल्याचं तोंड उतरलं. पण तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि दहा पटीने हुशार. आत गेला, एक तेलाचा डबा घेऊन आला आणि बाकावर उपडा केला. पांढऱ्या खपल्या, गंजाचा चिखल.

"हे त्याच रेडिएटरमधून काढलं. दोन दिवस खरवडलं, त्याची मजुरी घेतली. बिलात नवीन लिहिलं ती चूक झाली, घ्या चार हजार परत. पण काका, यात पाणी कुठलं घालता तुम्ही?"

"माझ्या विहिरीचं. दुसरं कुठलं?"

"मग तिथेच घोटाळा आहे. खारट आहे तुमची विहीर. गाडीचं लोणचं घातलंय तुम्ही!"

सगळे हसले. ज्याने बोट फिरवून खूण बघितली तोही हसला. चोरी त्याची पकडली होती मी, आणि हसत होते मला.

आमची विहीर आजोबांनी खणली. लग्नकार्याला गावातली माणसं तिचं पाणी न्यायची. मोसंबीसारखं गोड पाणी, असं बोलायचे लोक. मी ते चार हजार त्याच्या बाकावर टाकून आलो. तेव्हा मला वाटलं की हा माझा मोठेपणा. आता वाटतं, घ्यायला हवे होते.

घरी आलो, पातेलंभर विहिरीचं पाणी काढलं आणि चुलीवर ठेवलं. आटू दिलं. दुपारपर्यंत पाणी संपलं आणि बुडाला पांढरा थर राहिला. बोट लावून जिभेवर ठेवलं.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "दोन वर्षं झाली. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. मी नळाचं घेते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? विहिरीबद्दल?"

मी पातेलं घासून ठेवलं. इंजिनात पाणी घालायचं म्हटलं की विहिरीवरच जायचं, शेतीच्या पंपापासून ही सवय. पंप चालला, गाडीही चालेल, असं धरून चाललो होतो. तरी हे मी कुणापुढे कबूल करणार नव्हतो, म्हणून गाडीत पाणीही तेच घालत राहिलो. गाडी गेली असती तरी.

आणि गाडी जायची वेळ आलीच. पुढच्याच महिन्यात बाजाराच्या वाटेवर काटा लाल रेघेला गेला आणि बॉनेटखालून वाफ आली. मी गाडी बाजूला घेतली. पानं मागे, ऊन वर. मुलाला फोन केला. त्याने मला न विचारता पापडीवाल्यालाच पाठवलं, कारण तो जवळचा. मी त्याच्याशी बोललो नाही, रिक्षात भारे टाकून निघालो.

संध्याकाळी मुलाचा फोन. "बाबा, हेड गास्केट गेलंय. अडतीस हजार म्हणतो. तो म्हणतो, एवढा खर्च करण्यापेक्षा मलाच द्या, सत्तर हजार देतो. मी हो म्हटलंय. रविवारी चर्चच्या मिस्सानंतर पैसे घेऊन येईल. गाडी तो उद्या घरी आणून उभी करतो, तुम्ही आतलं सामान काढून घ्या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी म्हातारी, गाडी मेली, असं तो सांगत होता, कारण त्याला ती स्वस्तात हवी होती.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात येऊन उभी राहिल्यावर मी मनवेलपाड्याच्या जुन्या मालकाला फोन लावला, त्याच्याकडून त्याच्या मेकॅनिकचा नंबर घेतला. म्हातारा मेकॅनिक, आवाजावरूनच माझ्या बरोबरीचा. मी म्हटलं, गाडी तापते, पापडीवाला गास्केटचे अडतीस हजार सांगतो. त्याने पहिला प्रश्न केला, "पाणी कुठलं घालता?"

मी दारातून विहिरीकडे बघितलं. तो वाट बघत राहिला.

"खारट," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

"बरं. आता गाडी थंड असताना ऑइलची पट्टी काढा. तेल दुधासारखं पांढुरकं झालंय का बघा. झालं असेल तर पाणी तेलात गेलंय, मग गास्केटचा संशय खरा."

मी पट्टी काढली. तेल काळं. कोळशासारखं काळं.

"मग कशाला अडतीस हजार? मला तर रेडिएटर चोंदलेला वाटतोय आणि थर्मोस्टॅट चिकटलेला. गाडी आणा, दाब लावून खात्री करून सांगतो. नऊ-दहा हजारांत होईल. आणि त्यात कूलंट घाला, विहीर नको."

रविवारी मिस्सा झाल्यावर गॅरेजवाला आला. पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशात पाकीट फुगलेलं. मुलगा खुर्ची आणायला गेला. मी बायकोला न सांगता स्वतः विहिरीवर गेलो, पाणी शेंदलं आणि स्टीलच्या ग्लासात भरून त्याच्या हातात दिलं. पाहुणा आहे, पाणी तर द्यायलाच हवं.

त्याने दोन घोट घेतले. त्याचा जबडा थांबला.

"कसं आहे?" मी विचारलं.

त्याने मुलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. सौदा व्हायचा होता, म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं. "गोड आहे काका. विहिरीचं ते विहिरीचं."

"गोड? मग त्या शनिवारी पाच माणसांत खारट म्हणालास ते खोटं?"

"नाही म्हणजे... थोडं मचूळ लागतंय..."

"मचूळ म्हणजे खारट. म्हणजे गाडी का तापते ते तुला तेव्हापासून ठाऊक आहे. पाणी बदला, रेडिएटर बदला, एवढंच काम. मग हे अडतीस हजार कुठून काढलेस?"

"काका, गास्केट गेलंय. तुम्हाला त्यातलं कळत नाही."

मी बॉनेट उघडून ठेवलंच होतं. पट्टी उपसली आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर पुसली. इथून तिथपर्यंत काळी रेघ.

"बघ. दूध दिसतंय का कुठे?"

बायको म्हणाली, "अहो!" मुलगा खुर्ची हातात धरून तसाच उभा. गॅरेजवाला शर्टाकडे बघत होता. मुलगा आता त्याच्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मुलाने विचारलं, "तेल पांढरं नाही, तर गास्केट गेलं कशावरून सांगितलंत?"

"अंदाज होता. खोलल्यावर कळतं."

"खोलायच्या आधीच सत्तर हजार काढलेत?"

तेव्हा मी मोठ्याने बोललो. कुंपणापलीकडे शेजारी पालेभाजी खुडत होता, त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "माझ्या विहिरीचं पाणी खारट आहे. मी तेच गाडीत घातलं. चूक माझी. पण गाडी चांगली आहे, आणि ती तुला मिळणार नाही."

तो जायला वळला. ग्लासात पाणी उरलं होतं. मी म्हटलं, "संपव." त्याने ग्लास ओट्यावर ठेवला आणि फाटकाबाहेर गेला. मी तो ग्लास संध्याकाळपर्यंत तिथेच राहू दिला.

गाडी मुलाने स्वतः पैसे देऊन मनवेलपाड्याला ओढून नेली. दाब लावून बघितलं, गास्केट शाबूत. रेडिएटर नवीन, खरा नवीन, थर्मोस्टॅट, नळ्या, कूलंट, सगळं मिळून नऊ हजार आठशे. विकायचं पुन्हा बोलला नाही तो. विहिरीची गोष्ट मात्र गावात पसरली. आता लग्नाला कुणी आमच्याकडे पाणी मागायला येत नाही, आणि एकाने रस्त्यात विचारलं, "काय, मीठ घरचंच का?" मी चालत राहिलो.

बाजारात जायला पापडीच्या गॅरेजवरून वळसा पडतो. डिझेल जास्त जळतं. तरी मी तिथूनच जातो. गॅरेजसमोर हॉर्न देतो, लांब. तो वर बघत नाही. पण हात थांबतात त्याचे.

बायकोने मला ईस्टरच्या आधी बजावलं, शर्टाचं पाप फादरांपुढे कन्फेशनमध्ये सांगा. मी सांगितलं. रविवारी, पाहुण्याच्या शर्टाला तेल पुसलं म्हणून.

फादरांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

त्या जागी खोटं बोलू नये. मी म्हटलं, "फादर, अजून नाही."

ते मग म्हणाले, "होईल तेव्हा या."

मी बाहेर आलो, गाडीत बसलो, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी पापडीच्या रस्त्याला वळलो.