गणातला न

पहिली चूक माझीच. पेपरच्या रविवार पुरवणीच्या बैठकीत तमाशावर बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो, "तमाशा सुरू होतो गनानं."

गण म्हणजे गणपतीला पहिली हाक. आमच्या पुणतांब्यात त्याला गनच म्हणतात.

संपादकांनी चष्मा वर केला. "गन? फडात गोळीबारही होतो का?"

सगळी खोली हसली. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

"आधी 'ण' म्हणायला शिका," ते म्हणाले, "मग संस्कृतीवर लिहा. तोवर माहिती पाठवत चला. लिहून आम्ही घेऊ."

माझा बाप फडात हलगी वाजवायचा. त्याची माहितीही मीच पाठवली. लेख छापून आला, वर संपादकांचं नाव. बाप झाला होता 'एक अशिक्षित वादक'. मी झालो होतो 'स्थानिक जाणकार'. पेपर घेऊन घरभर फिरलो. बसवेना.

पोरगी म्हणाली, "पप्पा, न्यूजलेटर काढा. ईमेलनं थेट वाचकाला. मधी कुनी न्हाई." मी चार भारदस्त नावं सुचवली. तिनं तोंड वाकडं केलं. शेवटी मीच एका बोटानं टाइप केलं : 'गन'.

पहिल्याच अंकात बापावर लिहिलं. बोलतो तसं. बाप जिच्या फडात वाजवायचा, त्या फडमालकिणीचं उत्तर आलं : "आमचं आमच्या बोलीत पहिल्यांदा वाचलं. पन माझं वय लई लावलंय तुमी." पुढच्या अंकात वय उतरवलं. पेपरात असं उलट बोलायची सोय कुठं होती?

काल संपादकांचा फोन. "छान चाललंय हो तुमचं! बापावरचा लेख छापू. तुमच्या नावानं. फक्त ते 'गण' करून घेतो, नाहीतर लोक हसतील."

माझ्या नावानं! जीभ सवयीनं "व्हय साहेब" म्हणायला निघालीच होती.

"न्हाई," मी म्हणालो.

"काय?"

"न्हाई म्हनलो. माझा बाप गनच म्हनायचा. बदलायचं आसंल तर छापू नका."

फोन ठेवला. खोलीत येरझाऱ्या घालत बायकोला सांगितलं, "आता त्या बैठकीवरच लिवतो. कोन काय बोललं, शब्दन् शब्द. एक अक्षर कुनाला बदलू देनार न्हाई."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिवा. पन सगळ्यात मोठ्यानं तुमीच हसला हुता, ते गाळायचं न्हाई."