तात्यांची विमानं

सकाळी पोपटच्या हॉटेलात शिरताना माणसं 'राम राम' म्हणतात. तात्या म्हणायचे, "तेहरान कसंय?" तेही अशा आवाजात, की जणू घरातलं कुणीतरी दवाखान्यात ॲडमिट आहे आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोपटने किटली खाली ठेवून "बरं हाय म्हणायचं" असं काहीतरी उत्तर दिल्याशिवाय ते बाकावर टेकत नसत. मग चष्मा कपाळावरून नाकावर यायचा, खिशातून मोबाईल निघायचा आणि जगाच्या आकाशात कुठलं विमान कुठून चाललंय याची पाहणी सुरू व्हायची. त्यासाठी एक ॲप असतं. नकाशावर पिवळी पिवळी विमानं सरकताना दिसतात. आमच्या सोमेश्वरनगरात ते ॲप माझ्या माहितीत एकट्या तात्यांकडे होतं.

तात्या कारखान्याच्या शेतकी खात्यातून चिटबॉय म्हणून निवृत्त झालेले. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, कुठल्या शेतात कुठली टोळी पाठवायची हे बघणारा माणूस म्हणजे चिटबॉय. हंगामात आमच्या भागात जावयापेक्षा चिटबॉयला जास्त मान असतो. निवृत्तीनंतर मान गेला आणि चौकाने त्यांना नवं पद दिलं, परराष्ट्रमंत्री. नावं ठेवण्यात आमच्या चौकाचा हात कुणी धरणार नाही. माझं फ्लेक्स छपाईचं दुकान पोपटच्या हॉटेलला लागूनच आहे. त्यामुळे मधल्या पत्र्यातून जगाचं राजकारण मला दिवसभर फुकट ऐकायला मिळायचं आणि फार झालं की मीही काम टाकून तिकडे जाऊन बसायचो.

तात्यांचा मुलगा अमोल पोलंडमध्ये नोकरीला. त्याची बायको, मुलगी तिकडेच. पोलंड कुठे आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. तात्यांनी ते टेबलावर मांडून दाखवलं. साखरेची बरणी म्हणजे पोलंड, ॲश ट्रे म्हणजे युक्रेन, बिस्किटांचा पुडा म्हणजे रशिया, पाण्याचा जग इराण, आणि टेबलाच्या अगदी या कडेला पोपटचं ओलं फडकं, ते आपण. "आता बघा," ते म्हणायचे, "बरणीपास्नं फडक्यापातूर यायचं तर मधी सगळी भांडणंच हायेत. पोरानं यावं कुठनं?" नामदेवराव तेव्हा हटकून बिस्किटाचा पुडा उचलून आपल्या बाजूला घ्यायचे. नामदेवराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आणि रशियाचे कायमचे वकील. समोरच्याने दिवस म्हटलं की रात्र म्हणायचं हे त्यांचं व्रत. "रस्ता बंद हाय असं ड्रायव्हरला सांगू नगासा," ते म्हणायचे. दोघांची अशी जुंपायची की पोपटला चहा दोनदा गरम करावा लागे.

तात्यांची काही वाक्यं आजही माझ्या तोंडात बसली आहेत. कुठल्याशा देशांच्या वाटाघाटी फिसकटल्या, की ते म्हणत, "ज्याला घरी जायची घाई असतीया, त्यो तहात हरतो." तोडीवरून भांडणारे कितीतरी भाऊबंद त्यांनी बांधावर समोरासमोर बसवले होते, तो अनुभव त्यात होता. त्यांना स्वतःला घरी जायची घाई कधीच नसायची. पोपट बाक उचलायला लागला तरी ते "ट्रम्पचं एक ऐका" म्हणून नवा विषय काढायचे. माणूस एकटा आहे हे दिसत होतं. पण आम्ही सगळे बोलायचो ते देशांबद्दल. "तात्या, आज जेवलात काय?" असं विचारायची रीतच त्या बाकावर पडली नव्हती, आणि याचं मला आता वाईट वाटतं.

हे सगळं सुरू झालं तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या तेव्हा. करोनाचे दिवस होते, सगळ्या जगाची विमानं बंद होती आणि अमोलला आईच्या मातीला येता आलं नाही. त्यात कुणाचाच इलाज नव्हता. दारात येणाऱ्या प्रत्येकाला तात्या सांगत होते, "इमानं बंद हायेत." पुढे विमानं सुरू झाली, तोवर युक्रेन पेटलं. युक्रेन जुनं झालं तेव्हा गाझा. मग इराण. अमोलचा फोन रविवारी यायचा. तात्या तो हॉटेलच्या मागे, कण्हेरीजवळ उभं राहून घ्यायचे. माझ्या दुकानाची खिडकी नेमकी तिथेच. पहिली खुशाली झाली की, तिकडून काही विषय निघायच्या आत तात्याच घाईने म्हणायचे, "आन हे बघ, एवढ्यात यायचं काढू नगंस. लई बिघडलंय. इमानं लांबनं वळवल्यात." पोराला कारण शोधायचा त्रास नको, म्हणून बाप आठवडाभर कारण शोधून ठेवत होता.

आणि मग एक दिवस इराणकडची शस्त्रसंधी झाली. बातमी आली तशी नामदेवरावांनी पेढे मागवले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुठल्याही देशाच्या बाजूने नव्हते. "तात्या, रस्ता मोकळा झाला! लावा पोराला फोन!" तात्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. त्यांचा चेहरा पार उतरला होता. जगात शांतता झाली म्हणून कुणाचं तोंड असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ त्या क्षणी आमच्यापैकी एकालाही कळला नाही. नामदेवरावांनी त्यांच्या हातातला मोबाईल जवळजवळ ओढूनच घेतला आणि फोन लावून ओरडले, "अमोल, ये आता! इमानं चालू झाली!" फोन स्पीकरवर होता. तिकडून अमोल म्हणाला, "बघतो काका. सुट्टीचं बघतो."

आमच्याकडे पुढाऱ्याने 'बघतो' म्हटलं की काम होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या दिवशी सगळा चौक खुळा झाला. आमच्याकडे कुणी फौजदार झालं, कुणाच्या बैलाने शर्यत मारली, कुणाचा नुसता वाढदिवस आला तरी चौकात फ्लेक्स लागतो. इथे तर गावाचं पोर लढायांच्या डोक्यावरून घरी येणार होतं. वर्गणी निघाली. मी डिझाईन केलं. मधोमध अमोल, बाजूला फेटा बांधलेले तात्या, कोपऱ्यात शांतीचं पांढरं कबूतर आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. 'विश्वशांतीनंतर मायदेशी परतणारे आमचे मित्र अमोलशेठ यांचे सहर्ष स्वागत.' पुण्याच्या विमानतळावर न्यायला जीपसुद्धा बोलून ठेवली होती. तात्या "कशाला, कशाला" म्हणत होते. तो विनय आहे असं आम्हाला वाटलं.

अमोल आला नाही. श्रावण गेला, गणपती गेले, फ्लेक्स चौकात तसाच. येणारे-जाणारे विचारायचे, "आला का हो पावणा?" तात्यांनी हॉटेलात यायचं कमी केलं. आले तर तेहरानची चौकशी न करता कोपऱ्यात बसायचे. त्यांच्याशी दुसरं काय बोलायचं ते आम्हाला सुचायचं नाही आणि नुसतेच चहाचे घोट ऐकू यायचे. दसऱ्याच्या आधी ते माझ्या दुकानाच्या दारात आले आणि म्हणाले, "त्यो फ्लेक्स उतरवा बाबा आता. ऊन लागून पोराचं त्वांड पांढरं पडलंय."

मी शिडी लावली. ते खालून धरून उभे होते. मी वर दोऱ्या सोडत असताना आपणहून म्हणाले, "मी चिटबॉय हुतो तवा एक नेम पाळला. ज्याच्या उसाला टोळी जायाची न्हाय, त्याला 'टोळी येत न्हाय' असं कधी सांगायचं न्हाय. पाऊस झालाय, गाडी रुतलीया, कारखाना बंद पडलाय, असं कायबी सांगायचं. मानूस वाट बघत ऱ्हातो, पर ताठ ऱ्हातो. तुमी माझं कारणच काढून घेतलं की वो." आवाजात राग अजिबात नव्हता. मला मात्र शिडीवरून खाली उतरायचं धाडस होईना.

हे मी नामदेवरावांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, म्हणजे त्यांना फारच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी तात्या दिसताच त्यांनी बाकावरूनच हाक मारली, "तात्या, या हिकडं! परत बिघडलंय बरं का. कालपास्नं तिकडची इमानं फिरवल्यात म्हणं." तसं काहीच झालं नव्हतं. पोपट माझ्याकडे बघायला लागला. तात्या उभे राहिले. नामदेवरावांकडे बराच वेळ पाहिलं. सगळं समजलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते बाकावर बसले, बरणी पुढे ओढली आणि म्हणाले, "मग! आसल्यात कसं यायचं पोरानं?" त्यानंतर रोज कुणीतरी एखादी लढाई घेऊन यायचं. तात्या ती मनापासून ऐकायचे, मोबाईल मात्र खिशातच ठेवायचे.

यंदा कारखान्याचा हंगाम संपत आला होता आणि तिकडे इराणात खरंच पुन्हा पेटलं. त्याच आठवड्यात तात्या गेले, झोपेतच. दोन दिवस हॉटेलात आले नाहीत म्हणून पोपट बघायला गेला, तेव्हा कळलं. अग्नी पुतण्याने दिला. अमोलला कळवलं खरं, पण टीव्हीवर आगीचे लोळ दिसत होते, विमानतळांवर माणसं अडकली होती. तो येईल असं कुणाच्याही मनात नव्हतं.

सावडण्याच्या दिवशी सकाळी अमोल आला. डोळे सुजलेले, अंगावर प्रवासाचे चुरगळलेले कपडे. सगळं उरकल्यावर आम्ही त्याला पोपटकडे चहाला घेऊन आलो. नामदेवरावांनी विचारलं, "आलास कसा रं? सगळं बंद हाय म्हणत्यात."

"मिळतं काका तिकीट," तो म्हणाला. "इस्तंबूल, मग ताश्कंद, मग दिल्ली. फिरून यावं लागतं, एवढंच."

मग त्यानेच खाली मान घालून विचारलं, "तात्या कधी काही म्हणायचे का? मी येत नाही म्हणून?"

आयुष्यभर कुणाचं वाक्य सरळ जाऊ न दिलेले नामदेवराव या वेळी हळूच म्हणाले, "न्हाय बाबा. कदीच न्हाय. इमानं बंद हायेत, एवढंच सांगायचे."

अमोलने चहाला हात लावला नाही. उठून बाहेर गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी उठायला लागलो, तर नामदेवरावांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. टेबलावरच्या साखरेच्या बरणीकडे बघत, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "लांबनं का हुईना, रस्ता हुता की रं."